मोकळा पाइप

वडिलांच्या जुन्या ट्रकचा सायलेन्सर काढून तो मोठ्या हौसेने नवा मोकळा पाइप बनवून घेत होता. "आवाज किती हवा?" फिटरने विचारलं.

"म्हाताऱ्याची बडबड ऐकू येऊ नये इतका!"

म्हातारा म्हणजे बापच. थकला तरी रोज शेजारच्या सीटवर बसायचा आणि "गिअर बदल, गाढवा" म्हणत डोकं खायचा.

नव्या पाइपवर पहिलीच चढण लागली, तसे बापाचे ओठ हलले. "काय?" तो ओरडला. बापाने नुसता हात झटकला आणि पुन्हा गाडीत कधी तोंड उघडलं नाही.

दोन महिन्यांत बाप गेला. पोराने जुना सायलेन्सर परत बसवला. आता चढण आली की तो मुद्दाम चुकीच्या गिअरमध्ये गाडी रेटतो आणि शेजारच्या सीटकडे कान लावून बसतो.