चौदावा नियम

ताराचंद निमजेनं नागपुरी बोली हा अभ्यासाचा विषय केला होता, त्यामुळे ती बोलायची गरज त्याला उरली नव्हती. प्राध्यापक म्हणून कॉलेजच्या वर्गात तो तिच्यावर तासभर बोले, तेही अशा शुद्ध मराठीत, की पुण्याच्या माणसानं खाली मान घालावी. नागपूरच्याच टिमकी भागात, विणकरी करणाऱ्या कोष्टी घरात तो जन्मला, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बाराखडी शिकला आणि नोकरी लागल्यावर धरमपेठेत माडीवर राहायला गेला. टिमकी तिथून फार दूर नव्हती, पण त्याची स्कूटर त्या बाजूला वळत नसे. आईला तो मनिऑर्डर करी. एकाच शहरात मनिऑर्डर! टिमकीचा पोस्टमन दर महिन्याला पत्ता दोनदा वाचून घेई.

१९७८ साली सीताबर्डीवरच्या लोकगीत संशोधन केंद्रानं जात्यावरच्या ओव्या संगणकात घालायचं ठरवलं. संगणक होता मुंबईला आणि केंद्रातल्या कोणी तो पाहिला नव्हता. इथं फक्त कार्डांना भोकं पाडायची आणि कार्डं तिकडं पाठवायची. कार्डाला समजत ती रोमन लिपीतली मोठी अक्षरं आणि आकडे, बस्स. तेव्हा आपला कोणता उच्चार कोणत्या खुणेनं लिहायचा, ओळ कुठं तोडायची, शब्द नीट ऐकू आला नाही तर काय करायचं, हे सगळं आधी ठरवून लिहून ठेवणं भाग होतं. उद्या पुण्याच्या, दिल्लीच्या अभ्यासकानं ओव्या घातल्या तर त्याही याच रीतीनं घातल्या जाव्यात, नाहीतर एकीशी दुसरी ताडून कशी पाहणार? ही नियमावली लिहायचं काम ताराचंदकडे आलं.

ते त्यानं चोख केलं. जे जमेला धरायचं ते धरलंच पाहिजे. तिसरा नियम तर त्याचा अभिमानाचा विषय होता : ओवी जशी गायली तशीच लिहावी. नियम तपासणाऱ्या समितीतले दोन पंडित 'मले'चं 'मला' करायला निघाले होते. ताराचंदनं टेबलावर मूठ आपटली. "बाईनं मले म्हटलं, तर मलेच! सुधारणारे आपण कोण?" केंद्राचे संचालक बाबनराव इतके खूश झाले, की त्यांनी सगळ्यांना दुसऱ्यांदा चहा पाजला.

मग उन्हाळ्यात टेप आल्या. पुष्पलता नावाची केंद्रातली मुलगी रेकॉर्डर खांद्याला लावून उमरेड, रामटेक आणि नागपूरच्या पेठांतून घरोघर फिरली होती. पुढं कार्डंही तीच पाडायची. ताराचंद बाबनरावांना आणि समितीला एकेक टेप ऐकवत होता. एका टेपवर जात्याची घरघर आली आणि मागून एक आवाज :

बाई माह्या ताराचंदाची, धरमपेठेत माडी
टिमकीच्या रस्त्यानं, वळत नाई त्याची गाडी

ताराचंदनं यंत्र बंद केलं. "वा, काय टोमणा आहे!" एक पंडित मांडीवर थाप मारून म्हणाले. "कोण हो हा कुलदीपक?"

"असेल कोणी," ताराचंद म्हणाला. नाव आपलंच असून कोणाला शंका आली नाही, कारण प्राध्यापकाच्या आईनं दळण दळावं हे त्या खोलीतल्या कोणाच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. आपण हे किती बेमालूम जमवलंय, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं आणि कळून बरं वाटलं नाही.

त्याच आठवड्यात नियमावलीत चौदावा नियम आला : 'ओवीतील व्यक्तींची नावे गाळून त्या जागी 'एन' हे अक्षर व अनुक्रमांक घालावा.' खाली कारणं होती. शास्त्रीय दृष्ट्या व्यक्तिनाम गौण असते, कार्डावरची जागा वाचते, तुलना सोपी होते. शिकलेल्या माणसाला ही एक सोय असते, त्याची भीतीसुद्धा 'शास्त्रीय दृष्ट्या' अशी सुरुवात करून उभी राहू शकते. बाबनरावांनी सही केली. "निमजे, तुमचं डोकं म्हणजे डोकं आहे!"

दिवाळीच्या आधी मुंबईहून छापील कागद आले. बाबनरावांना समारंभाची हौस. त्यांनी गाणाऱ्या बायांना बोलावलं, पुण्याहून एक मोठे विद्वान आणले आणि बाईला लुगडं द्यायचं, तिची ओवी वाचून दाखवायची, असा बेत केला. ताराचंदनं पाहुण्यांची नावं पाहिली. त्याची आई मैनाबाई निमजे त्यात नव्हती. तिच्या टेपवर गाणारीचं नाव-गाव कोरंच राहिलं होतं. त्याला हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं याची लाज वाटली. पण ती चहाबरोबर गिळता येण्याइतकी होती.

उमरेडची भागीरथा पुढं आली. वाळलेली, ताठ मानेची कोष्टीण. लुगडं घेतलं, पोत बोटांनी चाचपला, आणि पुष्पलतानं वाचलं :

"मागावर बसला ग, एन-एक माहा राजा
धोट्याच्या तालावर, घुमे माहा दरवाजा."

"हे कोणाची होय वं बाई?" भागीरथानं विचारलं.

"तुमचीच, मावशी."

"माही? माह्या ओवीत तं गिरिधर हाय. हा एन-एक कोण आणून बसवला माह्या मागावर?"

सभेत हशा पिकला. भागीरथाही हसली. मग तिचं हसू थांबलं, इतरांचं थांबायला थोडा वेळ लागला.

"माहा पोरगा होय गा तो," ती सगळ्यांना म्हणाली. "गेला. रेशनकार्डावरून त्याचं नाव काढलं. मतदानाच्या यादीतूनही काढलं. तिथून काढाच लागते, मले समजते. पण ओवीतून काहून काढलं?"

पुण्याचे विद्वान मदतीला धावले. "आजीबाई, शास्त्रात एकटं माणूस महत्त्वाचं नसतं, मांडणी महत्त्वाची." मग ताराचंदकडे वळून म्हणाले, "निमजे, हा नियम उत्तम आहे. सगळ्या केंद्रांनी तो उचलावा म्हणून मी दिल्लीला लिहिणार आहे. तुमची नियमावली छापून कधी येते?"

"शेवटचं मुद्रित आलंय. उद्या परत द्यायचं," ताराचंद म्हणाला.

भागीरथानं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तुमी केला का गा सायब हा नियम? शिकलेले लोक हात तुमी. असंन काही मोठं कारण." लुगडं काखेत धरून ती जागेवर जाऊन बसली.

ती भांडली असती तर ताराचंदला उत्तर होतं, कारणांसकट छापलेलं. पण तिनं त्याला कारण बहाल केलं होतं, तेही मोठं. टाळ्या वाजत होत्या आणि त्याला कानशिलांपर्यंत घाम आला होता. या कागदात असे किती गिरिधर आपण पुसले? आणि दिल्लीनं ऐकलं तर आणखी किती पुसले जातील? कशासाठी, तर एक स्कूटर वळत नाही हे चार लोकांना कळू नये म्हणून.

समारंभ पांगल्यावर तो कार्डांच्या खोलीत गेला. पुष्पलता गठ्ठे बांधत होती.

"नावं परत घालायची म्हटली तर?"

"नावाचं एकएक कार्ड पुन्हा पाडा लागन, सर. माही दिवाळी गेली समजा." तिनं मान वर केली नाही. "पण घालाल तं सगळीच घाला लागन. टिमकीचंही."

ताराचंदनं खुर्चीची पाठ धरली. "तुम्हाला माहीत होतं?"

"त्यायनंच सांगतलं. गाऊन झाल्यावर लय भेल्या. म्हणे, हे पुसता येते का वं? माहा पोरगा तिथंच मोठ्या जागेवर हाय, त्याले लोकायनं हासलं नाई पायजे. मी म्हटलं, पुसता नाई येत. तं म्हणे, मंग माहं नाव-गाव तरी लिहू नको."

ताराचंद बसला. मायलेक दोघंही एकच काम करत होती, मागमूस पुसायचं. फक्त आईनं ते त्याच्यासाठी केलं होतं आणि त्यानंही त्याच्यासाठीच.

तो तसाच बाबनरावांकडे गेला आणि चौदावा नियम काढायचा म्हणाला. बाबनराव उडालेच. "वेड लागलं काय? पुणेकर दिल्लीला लिहून राहिले! त्यांना कारण काय सांगू?"

"नियमाला कारणच नव्हतं. तो कुलदीपक मी आहे."

बाबनरावांना समजायला एक क्षण लागला. मग ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "अरे बापा! धरमपेठेत माडी!" हसणं ओसरल्यावर त्यांनी मुद्रित ओढून नियमावर आडवी रेघ मारली. दुसऱ्या दिवशी चपराशीसुद्धा ताराचंदच्या स्कूटरकडे पाहून गालात हसत होता. ताराचंदनं ते मुकाट्यानं सोसलं.

आईच्या ओवीवर गाणारीचं नाव घालायचं तर तिला विचारायला हवं होतं. संध्याकाळी स्कूटर टिमकीत शिरली तेव्हा गल्लीतल्या बाया दारात आल्या. मैनाबाई ओट्यावर रहाट फिरवत सुताच्या कांड्या भरत होती. त्यानं सगळं सांगितलं. तिनं रहाट थांबवला.

"नाव नोको लिहू, बापू. लोक हासतीन तुले."

"हासले."

"मंग ओवीत दुसरं नाव घाल. गोपाल घाल. तालात बसते."

"नाही घालता येत. जशी गायली तशीच लिहायची, असा नियम आहे."

"कोणाचा?"

"माहा," तो म्हणाला.

मैनाबाईनं स्कूटर पाहिली, मग त्याच्याकडे पाहिलं. "पण आज तं तुही गाडी वळली. माही ओवी खोटी पडली का नाई?"

तीच 'हो' म्हणेल अशी आशा ताराचंदच्या तोंडावर स्पष्ट दिसत असावी, कारण समोरच्या दारातली बाई पदरात हसली.

"एका दिवसानं का खोटी पडते!" मैनाबाई म्हणाली आणि रहाट पुन्हा फिरवू लागली. "लिही माहं नाव. मैनाबाई रामाजी निमजे. टिमकी. अन् रामाजी सोडू नको, तुह्या बापाचं नाव होय."

मान खाली घालून तो लिहू लागला. सारी गल्ली पाहत होती, आणि मान वर करायची त्याची छाती नव्हती.