बिनखुणेचा दुपट्टा

मी दुपट्टा बोलतोय. नुसता दुपट्टा नव्हे, नागपूरच्या कापडबाजारातून, गांधीबागेतून, परत पाठवलेला दुपट्टा. ‘सेकंड माल’ म्हणतात मला. म्हणोत बापडे. ज्याला ऐकायचं त्यानं बसावं, ज्याला घाई आहे त्यानं खुशाल जावं. मी काही कुणाच्या होकारासाठी थांबलेला नाही.

माझा जन्म उमरेडचा. नानाजींच्या घरात खड्ड्याचा माग होता, म्हणजे विणणारा जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि खाली दोन पावड्या आळीपाळीनं दाबतो. डावी दाबली की निम्मे धागे वर, उजवी दाबली की उरलेले वर, मधून धोटा पळतो, आणि प्रत्येक आडवा धागा फणीनं ठोकून घट्ट बसवायचा, ती ठोक. नानाजींचा हात असा घट्ट, की त्यांच्या कापडातून पाणीसुद्धा विचार करून गळायचं. त्या घराची एक रीत होती. कापड मनासारखं उतरलं, तरच विणणारा शेवटी लाल धाग्याची एक ओळ घालायचा. ती घराची खूण. मनासारखं नसेल तर कापड बिनखुणेचं.

मी अर्धा विणून झालो आणि नानाजींचा उजवा हात गेला. सकाळी धोटा फेकायला हात उचलला, तो उचललाच गेला नाही. दवाखाना झाला, औषधं झाली, हात काही परत आला नाही. मागावर मी अर्धवट ताणलेला. मग त्यांची लेक भारती नागपूरजवळच्या बेसाहून आली, खड्ड्यात उतरली आणि मला पुरं केलं. लहानपणी ती मागावर बसलेली होती, पण मधे वीस वर्षं ब्लाउज शिवण्यात गेली होती. तिचे पाय जागे होते, हात मात्र विसरले होते.

नानाजींनी मला डाव्या हाताच्या बोटांनी चाचपलं. अर्ध्यावर बोटं थांबली.

“ठोक कमी पडली वं भारती. इथून पुढं जाळीच हाय.”

“मंग खूण?”

“खोटी खूण मी कशी घालू, पोरी?”

भारतीनं माझी घडी घातली आणि मला विकायला नेलं. गांधीबागेतल्या व्यापाऱ्यानंही मला उजेडात धरून तेच सांगितलं आणि घडी तिच्याकडे सरकवली. तिनं मला तिथंच डोक्याला गुंडाळलं आणि स्कूटीवर बसून घरी आली. त्या दिवसापासून मी तिचा. मला अजूनही वाटतं, त्या व्यापाऱ्यापेक्षा मीच जास्त सुटलो.

पुढे माग मोडला आणि नानाजी लेकीकडे बेसाला राहायला आले. भारतीच्या पायांना मात्र चैन पडेना. शिलाई मशीनला मोटर बसवलेली, त्यामुळे पायांना कामच नाही. एक दिवस पहाटे ती नुसतीच चालायला गेली, चालता चालता धावली, आणि मग धावतच राहिली. बेसात धावणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. त्याचे म्होरके मनोहरराव, निवृत्त माणूस, गळ्यात कायम शिट्टी. शेहेचाळीस वर्षांची बाई दुपट्टा बांधून धावते याचं त्यांना आधी कौतुक वाटलं. ती त्यांच्या पुढे जायला लागली तसं कौतुक कमी झालं.

मागच्या वर्षी ही मंडळी पश्चिमेकडच्या एका डोंगरी शहरात मॅरेथॉनला गेली. शहराचं नाव मी घेणार नाही. माझं त्या शहराशी भांडण नाही, भांडण वेगळ्याच गोष्टीशी आहे. बेचाळीस किलोमीटर, निम्मं चढाचं. आपलं नागपूर पडलं परातीसारखं सपाट. भारतीचा दम अठराव्या किलोमीटरला, चढावरच संपला आणि मागून येणाऱ्या बसनं तिला उचललं. मागे पडलेल्यांना गोळा करत येते ना, ती बस. खिडकीला डोकं टेकून बसलेल्या भारतीचा फोटो कुणीतरी काढला आणि मनोहररावांनी तो ग्रुपवर टाकला. खाली हसणारे चेहरे पंचवीस. मी मोजले, कारण तो फोटो तिनं किती वेळा तरी उघडून पाहिला.

“यंदा मी बसमंदी बसत नाही,” तिनं नानाजींना सांगितलं. “मेली तरी नाही.”

“मरू नको. बाकी कर काय करायचं ते,” नानाजी म्हणाले.

नागपुरात चढ शोधायचा तर सेमिनरी हिल्सशिवाय आहे काय! आठवड्यातून तीन दिवस ती स्कूटीनं तिथं जायची आणि एकच चढ वीस वीस वेळा चढायची. मनोहररावांनी एकदा पाहिलं. “भारतीताई, एकच टेकडी चाळीस वेळा चढली तरी तिचा डोंगर होत नाही ना!” भारती थांबली नाही. तिला तिथं एक गोष्ट सापडली होती. चढावर मोठी पावलं टाकली की दम जातो. पावड्या दाबल्यासारखी लहान, सारखी पावलं टाकली की टिकतो. डावी, उजवी, डावी, उजवी. मला ती चाल लगेच ओळखू आली. माझा अर्धा जन्म तिच्या पायांच्या त्याच चालीवर झाला आहे.

यंदा त्याच शहरात, शर्यतीच्या दिवशी एक घोटाळा झाला, आणि तो फक्त नागपूरच्याच बाईच्या हातून होऊ शकतो. नागपूरची बाई घराबाहेर पडताना आधी दुपट्टा बांधते, ऊन आहे की नाही ते मागाहून बघते. तिथं पहाटे बोचरी थंडी, धुकं, उन्हाचा पत्ता नाही. भारतीनं सवयीनं मला डोक्याला लावलं, तोंडावरून फिरवलं, फक्त डोळे उघडे ठेवले आणि दोन्ही पदर छातीवर आणून कमरेत खोचले. नाकावर तिनं माझी सैल बाजू घेतली, कारण घट्ट बाजूतून श्वास घेता येत नाही. छातीवर टाचलेला नंबर माझ्याखाली गेला. तिच्या ध्यानात आलं नाही. मला कळत होतं, पण मी कापड पडलो.

चढ सुरू झाला. मागच्या वर्षी जिथं ती वाकली होती, तिथून ती लहान पावलांनी सरळ वर गेली. उंच पोरं झेपा टाकत पुढे गेली आणि पुढच्या वळणावर गुडघ्यांवर हात ठेवून उभी दिसली. एकविसाव्या किलोमीटरला माथ्यावर देऊळ होतं. तिथून परत फिरायचं. देवळाजवळ गावातल्या बाया उभ्या होत्या आणि येईल त्याच्यावर मूठ मूठ हळद उधळत होत्या. एका म्हातारीनं भारतीवर अशी मूठ टाकली की मी गळ्यापासून कमरेपर्यंत पिवळा झालो. पलीकडे दोघं वही घेऊन नंबर लिहीत होते. त्यांनी मान वर केली, त्यांना एक पिवळा दुपट्टा दिसला. भारती वळली आणि उताराला लागली.

चौतिसाव्या किलोमीटरला नंबर तपासायचं टेबल होतं. तिथल्या साहेबांनी हात आडवा केला. मला बाजूला सारून नंबर पाहिला, यादी पाहिली, पुन्हा नंबर पाहिला.

“मॅडम, वरच्या यादीत तुमचा नंबर नाही. तुम्ही मधूनच वळलात.”

“मी? मी देवळापर्यंत जाऊन आली!”

“नोंद नाही. बस मागे आहेच, बसून घ्या.”

मागच्या वर्षी तिला बसमध्ये बसवलं ते दमली म्हणून. या वर्षी बसवत होते ते खोटी ठरवून. मग तिनं माझा पदर कमरेतून ओढला आणि साहेबांच्या डोळ्यांपुढे धरला.

“हे पाहा. ही हळद कुठली हाय? खाली कोणी हळद उधळून राहिलं का? वरच्याच देवळात उधळत होते ना?”

साहेबांनी पाहिलं. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या हातात यादी होती आणि यादीत हळदीचा रकाना नव्हता. “हळदीवर मी कशी नोंद करू, मॅडम? नियमात बसत नाही.”

“नका करू नोंद. माझा रस्ता तं सोडा.”

“धावून काय उपयोग? निकालात नाव येणार नाही.”

“नाव तुमच्याजवळ ठेवा. पाय माझे हायेत.”

आणि ती निघाली. बस हळूहळू तिच्या बरोबरीनं आली. ड्रायव्हरनं दार उघडलं, “या ताई” म्हणाला. तिनं नाही म्हणून मान हलवली. छत्तिसाव्याला पोटरीत गोळा आला. तिनं रस्त्याच्या कडेला बसून मला डोक्यावरून सोडलं आणि नानाजींची घट्ट बाजू पोटरीला आवळली. धागा तुटला की माग थांबवायचा, गाठ मारायची, पुढे विणायचं. एवढंच तर शिकवलं होतं नानाजींनी. ती उठली. बस पुन्हा आली. तिनं पुन्हा मान हलवली. शेवटच्या चढावर बस कंटाळली आणि पुढे निघून गेली. मी आयुष्यात असा आनंद क्वचितच भोगला आहे.

सात तासांची मुदत होती. ती कमानीखालून गेली तेव्हा सहा मिनिटं बाकी होती. तिथं टाळ्या झाल्या. यादी पाहिली गेली, टाळ्या थांबल्या आणि पदक काही मिळालं नाही. परतीच्या गाडीत मनोहरराव गळ्यातलं पदक चाचपत म्हणाले, “यादीत नाव नाही, मंग एवढं धावून फायदा काय झाला, ताई?”

“फोटो काढा ना माझा,” भारती म्हणाली. “या खेपेला बसमंदी नाही, इथं. टाका ग्रुपवर.” त्यांनी मोबाईल खिशातून काढलाच नाही.

घरी आल्यावर तिची मुलगी मिनल मला धुण्याच्या मशीनमध्ये टाकायला निघाली. नानाजींनी तिला थांबवलं आणि मला मांडीवर घेतलं. भारतीनं सगळं सांगितलं. ते ऐकत ऐकत बोटं फिरवत होते. घट्ट बाजूवरची हळद केव्हाच झडून गेली होती. सैल बाजूत, जिला ते जाळी म्हणाले होते, तिथं धाग्याधाग्यात ती रुतून बसली होती. त्यांच्या बोटांना पिवळं लागलं.

“माझ्या ठोकीत ही हळद राहिलीच नसती,” ते हळूच म्हणाले. मग मिनलकडे वळले. “लाल दोरा ओवून दे वं.”

भारती म्हणाली, “काहून बाबा? माल तं सेकंड हाय.”

“चूप बैस. माल मी पास करतो.”

डाव्या हातानं, मला गुडघ्याखाली दाबून धरत, त्यांनी एकेक टाका घातला. पुरी दुपार लागली. ओळ वाकडी आली, मधे दोनदा सुई बोटात शिरली. भारती समोर बसून रडत होती आणि डोळे पुसायला मला मागत होती. नानाजींनी काम पुरं होईपर्यंत दिलं नाही.

आता मी बेसातल्या बाल्कनीत दोरीवर असतो. हळद तशीच, खूण तशीच. मला कपाटात जपून ठेवा असं मी मुळीच म्हणणार नाही, आणि डाग काढायला कुणी आलं तर त्याची खैर नाही. पुढच्या शर्यतीचा अर्ज भारतीनं कालच भरला. ती मला बांधणारच, तो तिचा स्वभाव आहे. फक्त या खेपेला नंबर तिच्या कुडत्यावर नाही, माझ्यावर टाचायचा ठरला आहे, लाल ओळीच्या बरोबर वर. त्या वहीवाल्यांनी पेन उघडून तयार राहावं. आम्ही येतोय.