परातीतलं मुसळ

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर सूर्याला ग्रहण लागलं. माझ्या सुनेनं, माणिकनं, अंगणात परातभर पाणी ठेवून त्यात मुसळ उभं केलं. आमच्या दर्यापूरकडे ही रीत जुनी आहे. ग्रहण आहे तोवर मुसळ उभं राहतं, सुटलं की पडतं, असं सगळे मानतात.

नातू शेखर आत खाटेवर पडून होता. अकोल्याच्या रस्त्यावर त्याची काळीपिवळी जीप उलटली आणि मांडीचं हाड मोडलं. वर्षालीशी लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तेव्हापासून माणिक एकच म्हणायची, वर्षाली सून म्हणून आली अन् घराला ग्रहण लागलं.

मुसळ उभं राहिलं. शेजारणींनी हात जोडले.

"सूर्याचं सुटते तसं आमच्या घराचंही सुटन," माणिक त्यांना म्हणाली. "भाऊबीजेले हिचा भाऊ हिले न्याले येऊन राहिला. एक डाव गेली का वापस आणत नाही मी."

वर्षाली दारातच होती. तिनं सगळं ऐकलं.

सूर्य ग्रासलेलाच मावळला. सकाळी तो स्वच्छ उगवला, पण मुसळ तसंच उभं.

"पाहा मामाजी!" माणिक मला म्हणाली. सासऱ्याला आमच्याकडे मामाजीच म्हणतात. "आभाळातलं सुटलं, घरातलं नाही सुटलं."

मी बोलायच्या आत वर्षाली पुढे आली. तिनं मुसळ उचललं, पुसलं आणि कोरड्या फरशीवर ठेवलं. उभं राहिलं.

"आता तुमी ठेवा, आई."

माणिकनं चिडून ठेवलं. तरी उभं राहिलं.

"त्याचं बूड सपाट हाये. थे रोजच उभं राहते. याच्यावरून मले हाकलता काय?"

"लयच शायनी झाली!"

"माणिक," मी म्हणालो, "गाडी गड्ड्यात गेली होती. तो गड्डा हिनं खोदला काय?"

माणिक परात उचलून आत गेली.

भाऊबीजेला वर्षालीचा भाऊ आला. ती एकच पिशवी घेऊन निघाली.

"कपड्याची पेटी?" माणिकनं विचारलं.

"इथंच राहू द्या. सोमवारी येते मी. कोणी घ्याले नाही आलं तरी येते."

"आई, सोमवारी दार उघडं ठेवजो," शेखर आतून ओरडला.

"अन् तवरोक याची दवा?" माणिकनं वर्षालीला विचारलं.

"सकाळी पांढरी गोळी, जेवल्यावर लाल. तुमी द्यायची."

वर्षाली गेली. माणिक जरा वेळ दारात उभी राहिली. मग खाटेजवळ जाऊन गोळ्यांची पुडी उलगडू लागली.

"सकाळची घेतली का रे?"