दहापैकी चार

“खोटे मार्क लिहितेस ना पोरी, मग खरेही कुठंतरी लिहून ठेव,” मिस आर्डिथ म्हणाल्या होत्या. मॅरन हसली होती.

मिस आर्डिथ विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाची दुखणीखुपणी बघायच्या. त्यांच्या हाताखाली मॅरन, मानसशास्त्राची विद्यार्थिनी, मोसमाआधी खेळाडूंच्या स्मरणशक्तीची चाचणी घ्यायची: दहा शब्द ऐकवायचे आणि थोड्या वेळानं परत विचारायचे. पुढे कुणाच्या डोक्याला मार बसला की तीच चाचणी पुन्हा. मार्क घसरले तर खेळणं बंद. म्हणून पोरं पहिल्या वेळीच मुद्दाम चुकायची.

“लेका, चारच शब्द सांग,” संघातला टेव्हियन प्रूट आपल्या मित्राला, कोल्बीला म्हणाला होता. “पाच सांगितलेस तर लोक तुला हुशार समजतील.”

“मॅडम, सफरचंद धरून चारच आठवतायत,” कोल्बी म्हणाला. “बाकीचे तुमच्याकडे बघताना सांडले.”

मॅरन लाजली आणि तिनं दहापैकी चार लिहिले. पुढे तिनं त्याच्याशीच लग्न केलं.

आता संघाला शंभर वर्षं होणार होती आणि संकेतस्थळासाठी संघाचा इतिहास लिहायचं काम मॅरनकडं आलं होतं. चामड्याच्या टोप्या घालून खेळलेली शेतकऱ्यांची पोरं झाली, युद्धात रिकामं पडलेलं मैदान झालं. ती २०११ च्या विजेतेपदापाशी येऊन अडली. शेवटच्या मिनिटाला कोल्बीनं डोकं खाली घालून दिलेली धडक गावात अजून सांगतात. धडकेनंतर तो उठून दुसऱ्याच संघाच्या बाकाकडं धावला होता. सगळं मैदान हसलं. टेव्हियननं त्याला मानेला धरून वळवलं. सोमवारी पुन्हा चाचणी झाली, पुन्हा दहापैकी चार. “होता तसाच आहे,” प्रशिक्षक म्हणाले, “पुढचा मोसमही खेळू दे.”

मागच्या महिन्यात कोल्बी मुलीला पाळणाघरातून आणायला गेला आणि दूध घेऊन परत आला.

“जूनी कुठंय?” मॅरननं विचारलं.

“कोण जूनी?” मग तिचा चेहरा बघून तो खाली बसला. त्या दिवसापासून ती लेकीला त्याच्याजवळ एकटं सोडत नाही. आंघोळीला जातानाही दार उघडं ठेवते.

माजी खेळाडूंच्या उपचार-योजनेतल्या डॉक्टरांनी चाचणीचा जुना कागद मागवला. “तेव्हा चार, आज चार. घसरण दिसत नाही, मिसेस व्हासेक. योजनेत नाव बसत नाही.”

“ते मार्क खोटे होते. मीच लिहिलेत ते!”

“मग खरे कुठं आहेत?”

मिस आर्डिथ कधीच्या वारल्या. कोल्बी मुद्दाम चुकला होता, अशी साक्ष देऊ शकेल असा एकच उरला होता. तिनं टेव्हियनला फोन केला.

“कोण कोल्बी?” तो म्हणाला आणि खदखदून हसला. “घाबरलीस ना वहिनी! येतो की. आम्ही सगळेच चुकायचो, हे शपथेवर सांगतो.”

तिला इतक्या दिवसांनी पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. पत्ता, तारीख, सगळं तिनं सांगितलं. तो हूं हूं करत राहिला. मग म्हणाला, “बरं, पण आपण कोण बोलताय?”

ती हसण्याची वाट बघत राहिली. तो हसला नाही.

त्यानंतर त्यानं फोन उचललेला नाही. तिच्या सांगण्यावरून शेरीफचा, म्हणजे तिथल्या पोलिसांचा, माणूस जाऊन आला. “ठीक आहे म्हणाला,” त्यानं कळवलं. टेव्हियन नेहमी ठीकच असायचा.

काल तिनं २०११ चं पान पुरं केलं. धडकेबद्दल एकच ओळ ठेवली. तिच्याखाली लिहिलं:

“या संघातला चोपन्न नंबर, टेव्हियन प्रूट, वेलमन गावाजवळ जुन्या गिरणीसमोर एकटा राहतो. तुमच्यापैकी कुणी जवळपास असाल तर जाऊन त्याचं दार वाजवा. आज वार कुठला, ते त्याला विचारा. तो थट्टेवारी नेईल. तुम्ही हसू नका. परत विचारा.”