सात गोलांचा नकाशा

मी एक नकाशा बोलतोय. छापील नव्हे, हातानं काढलेला. एका कार्यक्रमाच्या जाहिरातीचा कागद उलटा करून निळ्या शाईनं मला काढलंय, त्यामुळे माझ्या पाठीवर चार केसाळ तरुण गिटारी घेऊन उभे आहेत आणि पोटावर रस्ते.

मला काढणारा त्या चौघांपैकीच एक, डावीकडून दुसरा. घरी त्याला दादा म्हणत. रॉक वाजवायचं म्हणून तो घर सोडून या मोठ्या शहरात आला. नऊ वर्षांपूर्वी त्यानं धाकट्या बहिणीला पत्र लिहिलं आणि त्यात मला घडी घालून ठेवलं. माझ्यावर सात गोल आहेत. चार गोल म्हणजे बँड प्रत्यक्ष वाजतात ते हॉल, तीन म्हणजे रेकॉर्डची दुकानं. खाली लिहिलंय, ‘कधी आलीस तर याच्यावर फिर. सगळीकडे माझं नाव सांग, ओळख निघेल.’

घरी आईनं मला कपाटात, कोऱ्या चादरींच्या घडीत जपून ठेवलं. आल्यागेल्याला काढून दाखवायची. ‘आमचा मुलगा इथं वाजवतो, इथं वाजवतो, आणि इथं,’ म्हणत सातही गोलांवर बोट टेकवायची. त्यातली तीन दुकानं आहेत हे तिच्या गावीही नव्हतं. धाकटी मागं उभी राहून ऐकायची आणि गप्प बसायची.

ते गप्प बसणं मला पहिल्यापासून खटकायचं. धाकटी एका कचेरीत नोकरीला होती. नोकरी मागायला येणाऱ्यांची प्रमाणपत्रं खरी की बनावट, हे तपासायचं तिचं काम. अकरा वर्षं हेच केल्यावर माणसाचं काय होणार? दुधाची पिशवीसुद्धा ती आधी उजेडाकडे धरून बघायची.

दादाच्या पत्रांबद्दलही तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती. दर पत्रात तेच. तालीम जोरात, हॉल भरलेला, तब्येत उत्तम. फोन करायचा तो दोन मिनिटं, तोही मागं गाणं मोठ्यानं लावून. आपलं बोलायचा आणि ठेवून द्यायचा. एकदा तिनं तीन वर्षांची पत्रं शेजारी शेजारी मांडली आणि म्हणाली, “खरं आयुष्य इतकं सारखं नसतं.”

अशात आईनं जाहीर केलं की पुढच्या महिन्यात ती दादाला स्टेजवर वाजवताना बघायला जाणार. सगळ्या शेजाऱ्यांना सांगून झालं. धाकटीला एकच काळजी. तिथं जाऊन आईचं हसं झालं तर? योगायोगानं त्याच सुमारास कचेरीनं तिला चार दिवसांच्या प्रशिक्षणासाठी या शहरात पाठवलं. निघताना तिनं मला कपाटातून काढलं आणि माझ्या जागी तेवढ्याच आकाराचा कोरा कागद घडी करून ठेवला. म्हणजे माझी बनावट प्रत ठेवून बाई खऱ्याखोट्याचा शोध घ्यायला निघाल्या.

खरं सांगतो, वाटेत मलाही माझ्यावरच शंका येऊ लागली. दादा मला काढत होता तेव्हा मी कोरा होतो, हे हॉल मी तरी कुठं पाहिले होते?

पहिल्या गोलापाशी गेलो तर हॉलच्या जागी गाड्या ठेवायची तीन मजली इमारत. पहारेकरी म्हणाला, इथं हॉर्नखेरीज काही वाजल्याचं त्याला आठवत नाही. दुसऱ्या गोलातल्या रेकॉर्डच्या दुकानात मोबाइलची कव्हरं टांगलेली. तिसरा हॉल जागेवर होता, पण व्यवस्थापकानं वही चाळून सांगितलं, दोन वर्षांत या नावाचं कुणी वाजवलेलं नाही. त्याआधीचं त्याला ठाऊक नव्हतं. चौथा आणि पाचवा गोल बंद, दारावर फळ्या ठोकलेल्या. बसमध्ये धाकटीनं मला मांडीवर पसरलं आणि संशयास्पद प्रमाणपत्राकडे बघतात तसं बघितलं. शाई, अक्षर, कागदाची कड. मला घाम येत असता तर तिथंच फिका पडलो असतो.

सहाव्या हॉलवर दुपारी संध्याकाळच्या कार्यक्रमाची तयारी चालली होती. आत कुणी ड्रम ठोकून बघत होतं. दाराशी बसलेल्या बाईनं दादाचं नाव ऐकलं आणि उत्तर द्यायच्या आधी उलट विचारलं, “तुम्ही कोण त्याच्या?”

“बहीण.”

“चौकशीला येणाऱ्या सगळ्या बहिणीच असतात,” असं म्हणून बाईनं तोंड फिरवलं. धाकटी निघाली तेव्हा ती एवढंच बोलली की रेकॉर्डच्या दुकानात विचारा.

सातवा गोल म्हणजे सहा पायऱ्या उतरून जायचं एक अरुंद दुकान. दोन्ही बाजूंना खोक्यांमध्ये उभ्या लावलेल्या रेकॉर्ड. कानामागं पेन्सिल खोवलेला जाडजूड दुकानदार. त्यानं मला हातात घेतलं आणि बघत राहिला. अनोळखी नकाशाकडे माणूस इतका वेळ बघत नाही. मग मला परत देत म्हणाला, “नाही बुवा. या माणसाला मी ओळखत नाही.”

धाकटी गिऱ्हाइकासारखी खोकी चाळू लागली. रेकॉर्डच्या मध्ये जाड कागदाच्या चिठ्ठ्या होत्या, कुठल्या बँडच्या रेकॉर्ड कुठं आहेत ते सांगणाऱ्या. निळी शाई. तिनं एक चिठ्ठी उपसली आणि माझ्या शेजारी धरली. ‘झ’चं तेच लांबलेलं शेपूट, ‘ळ’चे तेच दोन वाटोळे डोळे. ते माझंच अक्षर होतं.

“हे कुणी लिहिलं?”

“होता एक जण कामाला.”

“होता?” तिनं चिठ्ठी उलटी केली. “‘नवीन आलेल्या’ असं लिहून कालची तारीख घातलीय यावर.”

दुकानदार ओशाळला. मग हळूच म्हणाला की दादानंच बजावून ठेवलंय, घरचं कुणी आलं तर ओळख दाखवायची नाही.

एवढ्यात मागच्या दारातून खोकं घेऊन एक माणूस आला. केस बारीक कापलेले, अर्धे पिकलेले. धाकटीनं “दादा” म्हणून हाक मारली. तो खोकं उतरवत राहिला. तिनं पुन्हा हाक मारली. शेवटी दुकानदारानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो वळला.

पाच वर्षांपूर्वी त्याच्या डाव्या कानात शिट्टी वाजू लागली ती थांबलीच नाही. मग उजव्या कानानंही साथ सोडायला सुरुवात केली. बँडनं दुसरा गिटारवाला घेतला. तेव्हापासून तो इथं जुन्या रेकॉर्ड पुसतो, दिव्याखाली तिरक्या धरून कुठली कुठं खरखरेल ते नुसत्या नजरेनं सांगतो. फोनवर समोरच्याचं नीट ऐकू येत नाही, म्हणून गाणं लावून दोन मिनिटांत उरकतो.

“खोटं का लिहिलंस?” धाकटीनं त्याच्या उजव्या कानाशी जाऊन विचारलं.

“खोटं नव्हतं. जुनं होतं,” तो म्हणाला. मग म्हणाला, “आईला सांग, हॉल दुरुस्तीला बंद आहे. येऊ नको म्हणावं.”

धाकटीनं नकारार्थी मान हलवली. अकरा वर्षं बनावट कागद परत पाठवणाऱ्या बाईला तो निरोप देणं जमलं नसतं. तिनं दुकानातला फोन पुढं ओढला, घरचा नंबर फिरवला आणि रिसीव्हर त्याच्या हातात दिला. तो बराच वेळ बोलला. कानाचं सांगितलं, बँडचं सांगितलं. बोलून झाल्यावर पलीकडचं काही ऐकू येईना, म्हणून त्यानं रिसीव्हर बहिणीकडे दिला आणि तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

धाकटीनं ऐकलं. एकदा नाक पुसलं. मग मोठ्यानं, एकेक शब्द तोडून त्याला सांगितलं, “आई विचारतेय, त्या दुकानात बसायला खुर्ची आहे का? तिचे गुडघे दुखतात.”

आई आली, तीन दिवस खुर्चीवर बसली आणि परत गेली. मी मात्र इथंच राहिलो. दादानं मला दुरुस्त केलं. चार गोलांवर लाल काट मारली, पाच नवे गोल काढले, कोपऱ्यात तारीख घातली. आता मी दाराच्या काचेला आतून चिकटवलेला असतो. बाहेरगावचे लोक येतात, मान तिरकी करून मला वाचतात, फोनमध्ये माझा फोटो काढतात.

त्यांना माझं एकच सांगणं असतं. बाबांनो, माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, आधी कोपऱ्यातली तारीख बघा, आणि मग दारातल्या माणसाला विचारा. जरा मोठ्यानं विचारा, त्याला कमी ऐकू येतं.

कालच एका पोरीनं नव्या गोलावर बोट ठेवून संशयानं विचारलं, हा हॉल अजून आहे ना?

दादा म्हणाला, “आज सकाळपर्यंत तरी होता. लवकर जा.”