टरफलांवरची थोरली

हुबळीच्या रेल्वे कारखान्यात जुन्या काळची आठवण म्हणून वाफेचं एकच इंजिन राखून ठेवलं होतं. तिथली माणसं त्याला थोरली म्हणत. थोरलीसाठी कोळसा मिळेनासा झाला तेव्हा दत्ताण्णांना, खरं सांगायचं तर, हायसं वाटलं. वय चौऱ्याहत्तर, गुडघे कुरकुरणारे आणि छातीत कोळशाची काजळी. फायरमन म्हणून लागले, ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले, तरी सणासमारंभाला बोलावणं यायचंच. तिला पेटवणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. "सुटलो एकदाचा," ते बायकोला म्हणाले. कृष्णाबाई थोरलीला सवतच समजत. जन्मभर तिची काजळी धुतलेली बाई ती. "साकु री, पुरे झालं आता. बसा घरी," त्या म्हणाल्या.

पण इंजिनिअर वादिराज स्वस्थ बसणारा नव्हता. त्यानं कुठूनतरी भुईमुगाची टरफलं दाबून केलेले गट्टे आणले. हे जळण चाललं तर थोरली चालेल, नाहीतर रंग फासून तिला फाटकापाशी चौथऱ्यावर उभी करायची, असं वरून ठरलं होतं.

सोमवारी दत्ताण्णांनी सवयीनं भट्टी लावली. राखेची झडप सताड उघडी, खालून भरपूर वारा, वर जळणाचा पातळ थर. कोळशाला हे मानवतं. टरफलांनी पाच मिनिटं थयथयाट केला, निम्मं जळण ठिणग्या होऊन धुराड्यातून उडून गेलं आणि दोन डबे ओढत आवारातली पहिली फेरी पुरी व्हायच्या आत वाफेचा काटा खाली आला. थोरली मध्येच उभी राहिली.

"अण्णा, गुरुवारी आणखी एकदा बघू. मग मात्र संपलं," वादिराज म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता.

उरलेलं अर्धं पोतं दत्ताण्णांनी बंबासाठी घरी आणलं. ताटावर बसले आणि भूक नाही म्हणून उठले. गुरुवारीही असंच करायचं, विझली तर विझली, असं त्यांनी मनाशी ठरवलं. दमलेल्या माणसाला एवढी मुभा असायला हरकत नव्हती.

मंगळवारी सकाळी कृष्णाबाईंनी न्हाणीघरातून हाक मारली. "अहो, इकडं या बघू. तुमचं जळण पेटवते."

त्यांनी बंबाच्या खालच्या तोंडाला वीट लावून बोटभर फट ठेवली, गट्टे गळ्यापर्यंत भरले आणि वरचं झाकण तिरकं सारलं.

"टरफलाला खालनं वारा घालायचा नसतो. वरनं घालायचा. माहेरी अळणावरला आमची आई असंच करायची."

"तुला कुणी विचारलं?"

"कुणी नाही. बघा की नुसतं."

पाणी तासभर उकळत होतं. दत्ताण्णा पाटावर बसून बघत राहिले आणि हातातला चहा निवून गेला.

गुरुवारी त्यांनी झडप बोटभर ठेवून लावली, भट्टी जाड भरली, तिचं दार किलकिलं केलं. फावडं मारताना खांदा निखळतोय असं वाटत होतं. आता थांबलं तर काटा आपोआप उतरेल, कुणाला कळणारही नाही, असं मन सारखं म्हणत होतं. हात काही थांबेनात. अर्धा तास थोरली फेऱ्या घालत राहिली आणि काटा ढळला नाही.

वादिराजनं त्यांचे काळे हात धरले. "अण्णा, थोरली राहिली! आता दर रविवारी यायचं. तुमच्याशिवाय आहे कोण?"

दत्ताण्णांना रडू आलं. त्यात आनंद किती आणि थकवा किती, हे त्यांचं त्यांनाही कळेना.

घरी कृष्णाबाई बंबातलं पाणी त्यांच्या पाठीवर घालत होत्या.

"दर रविवारी जायचं," ते म्हणाले. "तुझ्या विटेनं घात केला बघ."

"ठाऊक होतं मला."

"ठाऊक होतं? मग दाखवलंस कशाला?"

कृष्णाबाई थोडा वेळ पाठीवरची काजळी घासत राहिल्या.

"सोमवारी तुम्ही ताटावरनं उठलात," त्या म्हणाल्या.