एकही गोळी चुकवली नाही

यकृताच्या दवाखान्यात मास्तरांचा काय थाट! तीस वर्षं लोकांना मोटार चालवायला शिकवलेला माणूस. सहा वर्षांपूर्वी रक्तात हेपॅटायटिस बीचा विषाणू सापडला, तोही जुना, मुरलेला. तेव्हापासून रोज सकाळी आठला गोळी. डॉक्टरीणबाई नव्या पेशंटांना सांगायच्या, "त्या मास्तरांना विचारा. एकही गोळी चुकवली नाही." मास्तर बाकावर ताठ बसून मान डोलवायचे. मान डोलवायला काय जातं?

त्या दिवशी मात्र बाईंनी रिपोर्ट तीनदा वाचला. विषाणूंचा आकडा शेकड्यातून लाखांत गेला होता.

"काका, विषाणूनं रूप पालटलंय. गोळी कधी घेतली, कधी नाही, असं झालं की तो गोळीला चकवायला शिकतो. म्हणून विचारते, मधे खंड पडला होता का?"

"छे! अजिबात नाही."

"मग आमचंच औषध कमी पडलं. माफ करा." त्यांनी नवी गोळी लिहून दिली. "आणि ज्यांच्याकडे राहायला जाता त्यांच्या अँटिबॉडी तपासून घ्या. असा बदललेला विषाणू कधी कधी लसीच्या अँटिबॉडींनाही ओळखू येत नाही."

डॉक्टरनं माफी मागावी आणि आपण ती मुकाट्यानं घ्यावी! मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण खरं काय ते त्यांना ठाऊक होतं. वर्षातून दोनदा ते महिनाभर मुलीच्या सासरी राहायला जात. तिथं गोळी दिसली की चौकशा होणार, नातीला मांडीवरून उचलून नेणार, मुलीला बोल ऐकावे लागणार. म्हणून पाकीट बॅगेच्या तळाशी. न्हाणीघर रिकामं मिळालं तर गोळी, नाही तर राहिली. महिन्यातून दहा-बारा दिवस कशीबशी पोटात जायची.

बाहेर बाकावर सोबत आलेली त्यांची मुलगी होती आणि तिच्या शेजारी बेकरीवाली. तिलाही हाच आजार, पण औषधाला ती तयारच नव्हती. वर्षापूर्वी मास्तरांनीच स्वतःचा दाखला देऊन तिला गळ घातली होती.

"काय म्हणाल्या बाई?" तिनं विचारलं.

"औषध लागू पडेना. विषाणूच बदलला. माझ्याकडून काही कसूर नाही हो."

बेकरीवालीनं पर्समधलं गोळ्यांचं पाकीट काढून मास्तरांच्या हातात ठेवलं. "तुमच्यासारख्याची ही गत, तर माझं काय? पहाटे भट्टीच्या धांदलीत माझी तर एखादी चुकतेच. नकोच ती कटकट. जेवढं आहे तेवढं जगेन." आणि ती दाराकडे चालू लागली.

गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. अब्रू शाबूत राहिली असती, बेकरीवाली मात्र हकनाक मेली असती. पण बाक माणसांनी भरलेला, आणि मुलगी समोर.

"अहो बाई, थांबा! मी खोटं बोललो!" आवाज एवढा मोठा निघाला की कंपाउंडरही वळला. "मी गोळ्या चुकवल्या. दर वर्षी दोन महिने. मुलीच्या सासरी कळू नये म्हणून. औषधाचा दोष नाही, माझा आहे."

बेकरीवाली परत आली. त्यांच्याकडे न बघताच तिनं पाकीट काढून घेतलं. "आणि मला वर्षभर शिकवत होतात," एवढंच म्हणून ती रांगेत जाऊन बसली. मास्तरांची मान जी खाली गेली ती वर येईना. मुलीकडे बघायची तर हिंमतच नव्हती.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "लग्न ठरलं तेव्हाच मी त्यांना सगळं सांगितलं होतं. सगळ्यांनी लस घेतली, अँटिबॉडीही तपासल्या. तुम्हाला अवघडल्यासारखं होईल म्हणून कुणी विषय काढला नाही."

"काय सांगतेस!"

"सासूबाई रोज आठला तुमच्या खोलीत पाण्याचा पेला ठेवायच्या आणि सगळ्यांना घेऊन अंगणात जायच्या. तुम्हाला गोळी निवांत घेता यावी म्हणून."

मास्तरांना तिथल्या सकाळी आठवल्या. घर एकदम सामसूम व्हायचं, आणि त्यांना वाटायचं, नक्की कुणीतरी दाराआडून बघतंय. मग ते नुसतंच पाणी प्यायचे.